इंगोले साहेबांची वामकुक्षी

दारावरची बेल वाजली तेव्हा मी आमच्या न्हाणीघरात उकिडवी बसले होते आणि एका पांढऱ्या पिंपाला कान लावला होता. पिंपाच्या झाकणावर एक वाकडी नळी होती, नळीत थोडं पाणी होतं आणि त्या पाण्यातून मधूनच बुडुक असा आवाज येत होता. परवा तो आवाज सारखा येत होता. काल जरा दमून येत होता. आज दोन बुडुकांच्या मध्ये माणसाला अख्खी जांभई देता आली असती. म्हणजे वेळ झाली होती.

"आई, दार," मी आतून ओरडले.

आईनं दार उघडलं आणि तिचा आवाज एकदम साड्यांच्या दुकानातला झाला. "अय्या, तुम्ही? या ना, या. आत्ताच आम्ही तुमची आठवण काढत होतो."

हे वाक्य आई फक्त अशाच माणसाला म्हणते, ज्याची तिनं अजिबात आठवण काढलेली नसते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. उंच, शिडशिडीत म्हातारा माणूस, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी. फोटोत पाहिले होते तसेच, फक्त फोटोत ते इतके लांब नव्हते. तुषारचे वडील, म्हणजे जमलं तर माझे सासरे. सोमवारी यायचे ते गुरुवारीच आले होते.

"आमचे साडू गाडी घेऊन नाशकाले येऊन राहिले होते," ते आईला सांगत होते. "म्हटलं, चला, एस.टी.चे धक्के वाचले. फोन करनार होतो, पण म्हटलं, काहून उगाच तुम्हाले धावपळ."

पिंपानं बुडुक केलं. मी त्याच्यावर टॉवेल टाकला.

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर एका टॉवेलसाठी मला एवढा घाम का फुटला ते कळायचं नाही. त्या पिंपात बिअर होती. मी केलेली. मी तेव्हा एका लोणची-मसाल्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचे, दिवसभर कैरीच्या फोडींमधली बुरशी शोधायची, आणि घरी येऊन बिअर करायचे. घरी करायला परवानगी लागते. माझ्याकडे ती नव्हती. माझ्याकडे फक्त हौस होती आणि आई होती. आई सुरुवातीला तिला 'तुझं ते मूत' म्हणायची. मग एकदा उन्हाळ्यात अर्धा पेला प्यायली आणि 'तुझं ते' एवढंच म्हणायला लागली.

गंगापूर रोडला बोरस्ते म्हणून एक द्राक्षवाले बिअरचं नवीन हॉटेल काढत होते, तिथंच बनवायची आणि तिथंच विकायची अशा पद्धतीचं. त्यांना बिअर करणारं माणूस हवं होतं. बाई चालेल का याबद्दल त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, रविवारी तुमची घेऊन या, चव बघू आणि ठरवू. म्हणजे त्या पिंपावर माझी कैरीच्या फोडींतून सुटका अवलंबून होती.

आणि तुषारचे वडील, श्री. मधुकरराव इंगोले, अकोल्याचे. नोकरी, अबकारी खातं, आता निवृत्त. उभं आयुष्य दारूच्या भट्ट्या फोडण्यात गेलेलं.

"पप्पा तयार नाही झाले तर?" मी तुषारला विचारलं होतं.

"तरी मी तुझ्याशीच लग्न करीन," तो म्हणाला होता. "पण आई गेल्यापासून त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही, शलाका. त्यांना दुखवून करायला लागलं तर मला आयुष्यभर टोचेल. बिअरचं नाव तेवढं काढू नकोस. लग्नानंतर सांगू."

मी हो म्हटलं होतं. त्याच्यावर माझं इतकं प्रेम होतं की मी त्या वेळी कशालाही हो म्हटलं असतं. पण मनातल्या मनात मी हेही ठरवलं होतं की बिअर सोडायची नाही. हे दोन्ही एकाच घरात, एकाच गुरुवारी, समोरासमोर येईल असं काही ठरवलं नव्हतं.

"हातपाय धुवून घ्या ना," आई सवयीनं बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं की न्हाणीघर गुंतलेलं आहे. पण आईनं जन्मभर साड्यांच्या दुकानात उभं राहून लोकांना 'रंग अजिबात जाणार नाही' असं सांगितलेलं. तिचं पाऊलही अडखळलं नाही. ती इंगोले साहेबांना थेट बाल्कनीत घेऊन गेली, तुळशीशेजारी उभं केलं आणि झाडांना पाणी घालायच्या झारीनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला."

इंगोले साहेबांनी आधी उजवा पाय पुढे केला, मग डावा. "चांगली पद्धत आहे," ते म्हणाले. "आता कोनी पाळत नाही."

मी तेवढ्यात न्हाणीघरातून सटकून खोलीत गेले, कपडे बदलले आणि बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे बारीक होते आणि नाक चांगलं लांब, टोकाशी थोडं वाकलेलं. मला त्या नाकाची भीती वाटली.

"काय करून राहिली होती बाई?"

"गोधड्या भिजत घातल्यात तिनं," आई म्हणाली. "फार कामसू आहे. म्हणून न्हाणीघर सध्या बंद."

"गोधड्या," इंगोले साहेब म्हणाले. "हं. लागते भिजवाव्या."

पोहे झाले. पोह्यांबरोबर जे बोलायचं असतं ते बोलणं झालं. मग आईला काय वाटलं कोण जाणे, चोराच्या मनात जे असतं तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. तिनं विचारलं, "तुमच्या खात्यात तर फारच धाडसाचं काम असेल, नाही?"

"कायचं धाडस, बाप्पा," ते म्हणाले. "मी लय छापे घातले. नाल्याच्या काठाले, रानात, जिथं म्हनाल तिथं. मडकी सापडत. चूल सापडे, तापलेली. गुळाच्या त्या सडव्याले आम्ही कागदावर रसायन म्हनत होतो, ते सापडे. मानूस सापडत नव्हता."

"म्हणजे?"

"पयून जात. बाया राहत, बहुतेक करून. लेकरंबाळं घेऊन पयत." त्यांनी पोह्यातला शेंगदाणा बोटानं बाजूला केला. "आमच्या जीपचा हॉर्न खराब होता. नाल्याच्या वळनावर आली की आपोआप वाजे. त्याच्यानं समजून जाये त्याहिले. लय वेळा लिहून पाठवलं वर, का हॉर्न दुरुस्त करा. कोनी केला नाही."

"अरेरे," आई म्हणाली.

"आता काय बोलता," इंगोले साहेब म्हणाले आणि शेंगदाणा खाल्ला.

मी कान पिंपाकडे लावून बसले होते. बिअर तयार होत आली की शेवटी तिच्यात हॉप्स घालायचे असतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. वाळवून, दाबून त्यांच्या गोळ्या करतात. सुरुवातीला ती उकळतात तेव्हा बिअरला कडूपणा येतो. शेवटची मात्र उकळायची नाहीत, थंड बिअरमध्ये तशीच टाकायची, फक्त वासासाठी. हे मी आईला समजावलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे आधीची फोडणी आणि नंतरची कोथिंबीर." याहून चांगलं मला अजून कोणी समजावलेलं नाही. आता कोथिंबीर कधी घालायची याला वेळ असते. बुडबुडे जोरात असताना घातली तर वास नळीवाटे उडून जातो. अगदी थांबल्यावर घातली तर झाकण उघडताना आत शिरलेली हवा बिअर खराब करते. बुडबुडे थकलेत पण थांबलेले नाहीत, तेव्हा घालायची. आणि मग दोन-तीन दिवसांत काढायची, नाहीतर बिअरला गवताची चव येते. रविवारी बिअर न्यायची तर आज, आत्ता, या दुपारीच.

कोणते हॉप्स घालायचे यावरून मी आठवडाभर स्वतःशी भांडत होते. माझ्याकडे दोन पाकिटं होती. एक सिट्रा, तुषारच्या मित्रानं परदेशातून आणलेलं. उघडलं की आंबा आणि मोसंबी यांचा असा दणका येतो की शेजारचे विचारायला येतात. दुसरं साझ. ते जुन्या वळणाचं, त्याचा वास दबका, थोडा मिऱ्याचा, थोडा मातीचा, थोडा भिजलेल्या कडब्याचा. मला स्वतःला साझ आवडायचं. पण बोरस्ते द्राक्षवाले, त्यांना फळ कळतं, त्यांना कडबा कशाला द्या, असा विचार करून मी सिट्रा नक्की केलं होतं. ते पाकीट कापून, माप घेऊन, जेवणाच्या टेबलावर तयार ठेवलं होतं.

जेवणाच्या टेबलावर. हे मला त्या नाकाबरोबरच आठवलं, कारण ते नाक त्याच दिशेला वळलं होतं.

"घरात आंब्याचा वास येऊन राहिला," इंगोले साहेब म्हणाले. "दिवाळी होऊन गेली. आता आंबा कुठून आला?"

ते उठले आणि टेबलापाशी गेले. वाटीतली एक हिरवी गोळी त्यांनी दोन बोटांत धरली. "हे काय आहे? ढेप? गुरं पाळता काय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, पण आई आधी बोलली.

"औषध आहे. आयुर्वेदिक. झोपेचं."

ही थाप तिनं हवेतून काढली नव्हती. काही देशांत हॉप्स उशीत भरतात, त्यानं झोप येते म्हणे, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आपण मुलींनी आयांना काही सांगू नये ते याचसाठी.

"झोपेचं," इंगोले साहेबांनी गोळी हुंगली. खूप वेळ हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं, मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे, मग पुन्हा गोळीकडे. "मंग मले द्या थोडं. तुषारची माय गेल्यापासून झोप येत नाही मले. चिमूटभर द्या. कसं घेतात?"

"काढा करून," आई म्हणाली.

"आई," मी म्हटलं.

"तू बस गं, मी करते," आई म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली.

आता चिमूटभर मागितलं तर चिमूटभर द्यावं की नाही? पण आमच्या घरात पाहुण्याच्या ताटात काही घालायचं तर हात आखडायचा नाही, ही आईची शिस्त. मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत अख्खी वाटी पातेल्यात गेली होती आणि पातेलं उकळत होतं. सगळ्या घरात आंबा पसरला, खिडकीतून बाहेर गेला, आणि मग पातेल्यात फक्त हिरवा चिखल उरला. उकळलं की सुगंध जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.

"आई, ते सगळं घालायचं नव्हतं," मी दात दाबून म्हटलं.

"मग काय मोजून देऊ? काय म्हणतील?"

"अगं, ते रविवारचं होतं."

आईचा चमचा थांबला. तिनं पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पडला. "शले," ती हळूच म्हणाली, "गाळून परत वाळवता येईल का?"

मला रडू आलं. काढ्याच्या वाफेनं आलं असं दाखवून मी डोळे पुसले.

तो काढा प्यायलेला जगातला पहिला माणूस इंगोले साहेबच असतील. मी नंतर एकदा कुतूहलानं जिभेच्या टोकाला लावून पाहिला तर मला संध्याकाळपर्यंत दुसरी चव कळत नव्हती. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. आधी त्यांचे कान हलले. मग डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

"बरं आहे का?" आईनं विचारलं.

"औषधच आहे," ते घशातून म्हणाले. "दारू काई इतकी कडू नसते म्हनतात." मग त्यांनी मोठी, ऐसपैस जांभई दिली. "बाप्पा. लगेच गुन आला. ताई, मी जरा इथं आडवा होतो. तुमचं चालू द्या. माझी झोप लय जड आहे, कोनी ढोल वाजवला तरी मले समजत नाही."

असं म्हणून ते सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर आडवे झाले. पाय सोफ्याबाहेर लोंबत होते. आईनं त्यांच्या अंगावर शाल घातली आणि ती घालून होते न होते तोच ते घोरायला लागले.

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

"चल," आई कुजबुजली. "दुसरं ते पाकीट कुठाय?"

"त्याचा वास कडब्याचा आहे."

"असू दे. बोरस्त्यांकडे गाईगुरं असतील पूर्वी."

साझचं पाकीट मी थंडगार फ्रीजमधून काढलं आणि आम्ही दोघी न्हाणीघरात शिरलो. आईनं मागून दार लोटलं. ते दार बिजागरीत करकरलं. बाहेर सोफ्यावरचं घोरणं क्षणभर थांबलं आणि मग दुप्पट जोरानं सुरू झालं.

मी झाकणाची पट्टी सोडवली. फट करून आवाज झाला. बाहेरून घोरणं चढलं. मी पाकीट कापलं आणि गोळ्या बिअरवर सोडल्या. मग जे झालं ते होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, फक्त घाईत विसरायला झालं. बिअर अजून जिवंत असताना तिच्यात कोरड्या गोळ्या एकदम टाकल्या की आतली हवा सगळी एकदम वर येते. हळूहळू टाकायच्या असतात. मी सगळ्या एकदम टाकल्या. पिंपातून आधी सुर्र असा आवाज आला, मग पांढरा फेस वर आला, उतू जाणाऱ्या दुधासारखा, आणि काठावरून खाली आला, आणि थांबेचना.

"गॅस बंद कर," आई म्हणाली. गॅस नव्हताच.

मी झाकण दाबलं तर फेस कडेनं आला. आईनं चक्का टांगायचा पंचा आणला आणि पिंपाच्या गळ्याभोवती धरला. फेस फरशीवरून मोरीकडे जायचा सोडून दाराकडे निघाला. मी पायानं त्याला अडवत होते, आई पंचा पिळत होती, दोघींच्या केसांत हिरवे ठिपके, आणि त्यात आईला हसू फुटलं. तिचं हसू एकदा सुटलं की आवरत नाही. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, तर माझ्या हाताला फेस होता, तो तिनं चाटला आणि आणखी हसली.

"चांगलंय गं," ती म्हणाली. "कडबा नाहीये काही."

आणि बाहेर इंगोले साहेब घोरत होते. आमचा आवाज वाढला की त्यांचा वाढायचा, आमचा कमी झाला की त्यांचा उतरायचा. त्या वेळी मला एवढंच वाटलं की देवा, या माणसाला असंच झोपव.

पुढचं आताच सांगून टाकते, कारण ते मला लांबवायचं नाहीये. रविवारी बोरस्त्यांनी ती बिअर प्यायली. पहिला घोट घेऊन त्यांनी पेला उजेडात धरला. दुसऱ्या घोटानंतर म्हणाले, "सगळे मला आंबा पाजायला बघतात हो. आंबा माझ्या बागेत आहे." आणि तिसऱ्यानंतर मला कधीपासून येता असं विचारलं. आज त्यांच्या हॉटेलच्या फळ्यावर माझ्या पाच बिअर आहेत, त्यातली ही पहिली.

पण त्या गुरुवारी दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही फरशी पुसली, झाकण बसवलं, टॉवेल टाकला. तेवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. साधा नाही, लांबलचक. मग "हरी हरी" झालं. मग पुन्हा खोकला.

"उठलो बरं का मी," इंगोले साहेब मोठ्यांदा म्हणाले. "आता उठून बसून राहिलो." थोड्या वेळानं, "आता चपला पाहून राहिलो. हं, सापडली एक."

दुसरी सापडेपर्यंत आई चहाचं आधण ठेवून, पदर झटकून, सोफ्यासमोर उभी होती. मी केसांतले ठिपके काढत होते.

"छान झोप लागली?" आईनं विचारलं.

"लय दिवसांनी," ते म्हणाले आणि नाक वर केलं. "वास बदलला घरातला. मघा बाजारातल्यावानी येत होता. आता आमच्या खळ्यावानी येऊन राहिला." त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास घेतला. "हा बरा आहे."

माझ्यानं राहवेना. हा माणूस एवढा कडू काढा पिऊन, आमच्या शब्दावर विश्वास ठेवून झोपला होता, आणि आम्ही दाराआड पंचा पिळत होतो. मला माझी शरम वाटली. लग्न मोडलं तर मोडलं, पण याच्या घरात खोटं बोलून जायचं नाही, असं मला अगदी आतून वाटलं.

"काका," मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. न्हाणीघरात ज्या गोधड्या आहेत ना..."

"शले, चहात आलं घालू का?" आई आतून किंचाळली.

इंगोले साहेबांनी हात वर केला. ट्रॅफिक थांबवतात तसा.

"बाई," ते म्हणाले, "मानूस रिटायर होते. त्याचे कान होत नाहीत. तू काही सांगितलं का मले ते ऐकावं लागते. ऐकलं का मंग त्याच्यावर काही करावं लागते. आईनं मले गोधड्या सांगितल्या. मी गोधड्याच ऐकल्या. आता चहा पिऊ द्या."

मला वाटलं, यांना संशय आलाय आणि आता हे रागात बोलतायत. चहा होईपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. आईनं शर्टाचं कापड काढलं होतं द्यायला, ते त्यांनी घेतलं नाही, "असू द्या, मंग पाहू" म्हणाले. निघताना दारात उभं राहून आईला फक्त एवढंच म्हणाले, "अकोल्याले गेलो का कळवतो."

कळवतो. मुलगी बघून गेलेला माणूस कळवतो म्हणाला की काय कळवतो, ते प्रत्येक घराला माहीत असतं. आई दाराला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं दुकान बंद झालं होतं.

आईनं फोन केल्यावर तुषार कामावरून त्यांना न्यायला आला होता. इंगोले साहेब जिना उतरून खाली गेले आणि तो मागे थांबला.

"काय झालं? कसे होते?" त्यानं विचारलं.

"कळवतो म्हणाले." मी दार मागे लोटलं. "चूक झाली. आईनं त्यांना माझ्या हॉप्सचा काढा पाजला. ते झोपले, आणि ते झोपले असताना आम्ही..."

"कोण झोपलं?"

"तुझे पप्पा. सोफ्यावर. किती तरी वेळ. घोरत होते."

तुषार माझ्याकडे बघत राहिला. "पप्पा दुपारी झोपत नाहीत," तो म्हणाला. "तापातसुद्धा खुर्चीत बसून राहतात. आणि घोरत तर नाहीतच. आई म्हणायची, रात्री हात लावून बघावं लागतं, माणूस आहे का उशी."

माझ्या डोक्यात ते घोरणं पुन्हा सुरू झालं, आमच्याबरोबर चढणारं आणि आमच्याबरोबर उतरणारं.

"तुषार," मी म्हटलं, "त्यांच्या जीपचा हॉर्न खराब होता?"

"कुठली जीप? खात्याची?" तो हसायला लागला. "ती जीप मी चालवलीय. ड्रायव्हरकाकांनी मला तिच्यावरच शिकवलं. तिचं सगळं खराब होतं. ब्रेक लागायचा नाही, दार दोरीनं बांधलेलं असायचं. हॉर्न तेवढा ठणठणीत होता. का गं?"

"तुषार, चाल ना रे," खालून आवाज आला. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

मी धावत बाल्कनीत आले. आई आधीच तिथे होती, हातात ती झारी, झाडं पुन्हा भिजवत होती, डोळे पुसायला लागू नयेत म्हणून असेल. खाली तुषारची जुनी मारुती निघाली. औषधांच्या दुकानाच्या वळणापाशी रस्ता पार रिकामा होता. माणूस नाही, सायकल नाही, कुत्रंसुद्धा नाही. गाडी वळणावर मंद झाली आणि शेजारच्या सीटवरून एक लांब, पांढऱ्या बाहीचा हात तुषारच्या पुढून स्टेअरिंगवर आला.

हॉर्न वाजला. दोनदा, चांगला लांब.

"कोण वाजवतंय गं मेलं, रस्त्यात कुणी नाही तरी?" आई म्हणाली.

झारीतलं पाणी आईच्या पायांवर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"कोणी नाही," मी म्हटलं. "हॉर्न खराब आहे. आपोआप वाजतो."